मका सोलण्याचे दिवस

गौतमपुऱ्याहून मामाने पोतं पाठवलं की आमच्या इंदूरच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा उरत नाही. वाळक्या कणसांचा ढीग, शेजारी पितळी परात आणि मधोमध मांडी घालून बसलेली आई. पाऊस सरलेला असतो, ऊन तिरपं झालेलं असतं, समोरच्या छतावर कुणीतरी गाद्या वाळत टाकलेल्या असतात. कोवळे भुट्टे संपत आल्यामुळे गाड्यांवरचा भुट्ट्याचा कीस विरळ होऊ लागतो आणि दाणा कडक होतो. आई एका कणसावर दुसरं कणीस घासते. पहिले दाणे परातीत टणटण पडतात, मग परात भरत जाते तसा तो आवाज मऊ होतो, शेवटी नुसती सळसळ उरते. ही सळसळ सुरू झाली की मी हातातलं काम ठेवून तिच्याशेजारी जाऊन बसते. आई म्हणते, "आली का प्रोफेसर? हात धुतले का?"

मी कणीस हातात घेते, सालपटं मागे ओढते, आणि त्या कोरड्या पानांचा वास नाकात शिरला की माझं अर्धं मन दूरच्या एका अंगणात जाऊन बसतं. सर्बियाच्या पूर्वेकडचे डोंगर, बल्गेरियाच्या सीमेजवळचं एक लहानसं गाव, तिथलं प्लमच्या झाडांखालचं अंगण, आणि असाच एक ढीग.

मी काय काम करते, हे आमच्या गल्लीत समजावून सांगणं अवघड आहे. खालचे किराणावाले भिया सगळ्यांना सांगतात, "दीदी रशियन की डॉक्टर है." ते अर्धं खरं आहे. रशियन, पोलिश, सर्बियन, बल्गेरियन या एकमेकींच्या बहिणी. त्या सगळ्यांना मिळून स्लाव्ह भाषा म्हणतात. या बहिणी एका गावातून दुसऱ्या गावात जाताना कशा बदलतात, कुठे एखादा आवाज गळतो, कुठे नवा शब्द येऊन बसतो, त्याचा मी अभ्यास करते. आपल्याकडे म्हणतात ना, दर बारा कोसांवर भाषा बदलते? ते कोस पायी तुडवायचे, हा माझा धंदा. इतका सुंदर धंदा माझ्या वाट्याला कसा आला, याचं मला अजूनही नवल वाटतं. कारण आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

बाबा महूला शिंपी होते. फौजी गणवेश शिवायचे. त्यांच्या दुकानात एका कर्नलसाहेबांच्या बाई कपडे घ्यायला यायच्या. नवऱ्याबरोबर त्या मॉस्कोला राहून आल्या होत्या. एकदा कपडे तयार नव्हते, म्हणून थांबल्या, आणि वेळ जावा म्हणून त्यांनी कापड बेतायच्या टेबलावर बाबांच्या निळ्या खडूने माझं नाव लिहिलं. अक्षरं उलटीपालटी, काही आरशातून पाहिल्यासारखी. त्यांनी एकेक अक्षर वाचून दाखवलं. बाबा शिलाई थांबवून बघत होते. म्हणाले, "अक्षरं त्यांची, पण आवाज तर आपलेच आहेत गं." पुढे मी जे काही शिकले, जितके ग्रंथ वाचले, त्या सगळ्याचा पाया मला त्या एका वाक्यात दिसतो. त्या बाईंनी मला तीन हिवाळे फुकट शिकवलं. बाबांनी त्यांच्या मुलाचा कोट शिवला आणि शिलाई घेतली नाही. मग मी दिल्लीला गेले, तिथून शिष्यवृत्तीवर बेलग्रेडला.

त्या अंगणातला शरद ऋतू मला मिळाला तो तिथे असतानाच.

माझ्या मार्गदर्शक बाई उंच, रुक्ष आणि मनाने फार चांगल्या होत्या. त्यांनी मला त्या डोंगरात पाठवलं. तिथल्या जुन्या बोलीत नामाला मागे एक शेपूट लागतं. हाताशी असलेल्या वस्तूला एक शेपूट, दूरच्या वस्तूला दुसरं. 'घर' म्हणतानाच ते घर जवळचं की पलीकडचं, हे शब्दात येऊन जातं. शाळेच्या भाषेत, टीव्हीच्या भाषेत हे नाही. ते ऐकून, ध्वनिमुद्रित करून आणायचं, ही माझी कामगिरी. बाईंनी निघताना बजावलं होतं की शब्द विचारत बसू नकोस, आयुष्य विचार. आणि ज्यांचा जन्म त्याच गावातला, ज्यांनी गाव सोडलं नाही, असेच म्हातारे निवड. मक्याचं पीक घरात आलं की तिथली म्हातारी माणसं थंडीपुरती शहरात मुलांकडे जातात आणि घरांना कुलपं लागतात. माझी शिष्यवृत्तीही तेवढ्यातच संपत होती. तोवर हाती काही लागलं नाही, तर विषय बदलायचा, ग्रंथालयात बसून पुस्तकांवरून पुस्तक लिहायचं. बाईंनी हे रागाने सांगितलं नाही, पण मला ते रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायचं.

मी स्तानाच्या घरी उतरले होते. ऐंशीच्या पुढची, वाकलेली, डोळे मात्र चिमणीसारखे चपळ. तिकडे आजीला 'बाबा' म्हणतात. तिला सगळे 'बाबा स्ताना' म्हणायचे, आणि हे फोनवर कळल्यापासून माझ्या आईला ते अजूनही पचलेलं नाही. पहिल्याच दिवशी मी स्तानाला विचारलं, तुम्ही इथल्याच ना? ती म्हणाली, "इथलीच. आणखी कुठली?" मी खूश झाले. जन्मापासून गावात राहिलेली म्हातारी पहिल्याच घरात मिळाली होती.

पण ध्वनिमुद्रणाचं यंत्र टेबलावर ठेवलं की स्ताना आत जाऊन नवा रुमाल डोक्याला बांधून यायची, हात मांडीवर ठेवायची आणि बातम्या सांगितल्यासारखी बोलायची. स्वच्छ, सपाट, शेपटाचा पत्ता नाही. मक्याचं कणीस पुढे ठेवून विचारलं तर टीव्हीवरचा शब्द, 'कुकुरूझ'. शेजारचा रादे, तोही सत्तरीतला, तो तर यंत्रासमोर उभा राहून गावात वीज कशी आली यावर सभेत बोलल्यासारखा बोलला. बोलून झाल्यावर बाहेर जाऊन कुत्र्याशी बोलायचा ते वेगळंच. कुत्र्याच्या वाट्याला येणारी भाषा माझ्या वाट्याला येत नव्हती. स्तानाचं झालं की रादे कुंपणावरून ओरडायचा, "काय गं, बातम्या संपल्या? हवामान सांगितलंस का?"

आठवडे जात होते. खोऱ्यातलं धुकं सकाळी उशिरापर्यंत हलेनासं झालं. प्लमची पानं पिवळी पडली, गळली. रोज एखादं घर मका आत घ्यायचं, रोज एखाद्या घराचं धुराडं विझायचं.

मला ही पाहुण्यांची भाषा ओळखीची वाटायला हवी होती. महूला पुण्याहून आमच्या एक आत्या यायच्या, तेव्हा आई अशीच व्हायची. एरवी दारात उभी राहून शेजारणीला म्हणणार, "अरे भाभी, अंदर तो आओ, आत्ताच झाडू लावली आहे." आत्या आल्या की कपाटातल्या काचेच्या बश्या निघायच्या आणि त्यांच्याबरोबर आईची दुसरी मराठी. "आपण बसावं. आत्ताच झाडू... केर काढला आहे." एकदा तिच्या तोंडून 'माझा देवर' निघालं. आत्या हसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, देवर हिंदीत. मराठीत दीर म्हणावं." आईने त्यानंतर आत्यांसमोर सासरच्या माणसांचा विषयच काढला नाही. फक्त खायला वाढत राहिली.

स्तानाच्या अंगणात मका सोलायचा दिवस ठरला, तेव्हा यंत्र मी बॅगेत ठेवून दिलं. काही आशा उरली नव्हती. म्हटलं, निदान हाताने मदत करू. तिकडे ही पद्धत आहे. एकाच्या अंगणात ढीग, आणि उरलेल्या चार-पाच घरांतली माणसं त्याच्याभोवती बसून साली काढतात. उद्या दुसऱ्याच्या अंगणात. उन्हं कलली होती. मी बसले आणि पहिलं कणीस सोललं. मामाकडे सोलायचे तसं, वरचा शेंडा चिमटीत धरून एका ओढीत. स्तानाने माझ्या हातांकडे पाहिलं. आपल्या बाजूचा थोडा ढीग माझ्याकडे सरकवला. त्या क्षणी मला जे वाटलं, ते पदवीदान समारंभातही वाटलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आई रोज रात्रीचं जेवण आवरून मला फोन करायची आणि तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची.

"काय करतेस गं बेटा?"

"मका सोलतेय."

"तिथे पण?" आई हसायला लागली. "इतकी पढाई केली, हवाई जहाजात बसून गेली, आणि भुट्टेच सोलतेय? ते तर मामाकडे पण झालं असतं."

मी फोन फिरवून तिला ढीग दाखवला, माणसं दाखवली, आणि सुटलेच. अगं बघ ना, किती मोठाले आहेत, सालं पण कशी कडक, नाखून दुखतात माझे, आणि ते बघ, तो रादे, एकदम आपल्या मामासारखा, काम कमी बातें ज्यादा. कितीतरी दिवसांनी मी इतकं भरभर बोलत होते. ढिगाभोवतीचे हात मंदावले. सगळे माझ्याकडे बघत होते. रादे म्हणाला, "अरे, हिला जीभ आहे! आमच्याशी तर शाळेचं पुस्तक उघडल्यासारखी बोलते."

सगळे हसले. आणि मला तेव्हा दिसलं की मीसुद्धा त्यांच्यासमोर इतके दिवस नवा रुमाल बांधूनच बसले होते.

आईला स्ताना पडद्यावर दिसली होती. तिने हात जोडले. मग माझ्या आईच्या जागी आपल्याकडची कुठलीही बाई जे विचारेल, ते तिने विचारलं.

"त्यांना विचार, माहेर कुठलं?"

मी त्या अंगणात कितीतरी आठवडे होते. नांगराच्या भागांची नावं विचारली होती, ढगांची, शेळीच्या आजारांची विचारली होती. हे विचारलं नव्हतं. माहेराला त्यांच्याकडे 'रोद' म्हणतात. लग्न झालेली मुलगी 'रोद'ला जाते, आपल्या माणसांत जाते. मी तो शब्द वापरून आईचा प्रश्न स्तानाला सांगितला.

स्तानाचे हात थांबले. तिने मान वळवून डोंगराच्या कण्याकडे पाहिलं. त्याच्या पलीकडच्या एका गावाचं नाव घेतलं.

"तिथलीच ती," रादे म्हणाला. "आम्ही विसरूनच गेलो होतो."

डोंगरापलीकडची! म्हणजे माझ्या शास्त्राच्या नियमाने ती या गावची नव्हतीच. जे थोडंफार ध्वनिमुद्रित केलं होतं, तेही वाया गेलं. आणि ती खोटं बोलली नव्हती. माझ्या आईला कुणी विचारलं, कुठल्या तुम्ही, तर ती 'महूच्या' म्हणते. गौतमपुऱ्याचं नाव माहेर विचारल्यावरच निघतं. अशा घरात वाढलेल्या मला हा एक प्रश्न सुचू नये!

आईला यातलं काही कळलं नव्हतं. तिच्या गप्पा चालूच होत्या. "बरं, सासरी कोण कोण होतं? देवर-बिवर किती?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण स्ताना पुढे झुकली होती. "देवेर?" तिने फोनकडे पाहून विचारलं. आणि उत्तर म्हणून तीन बोटं वर केली.

तिकडून आईने बघितलं आणि तीन बोटं वर केली. "मला पण तीनच!"

दोघी हसायला लागल्या. मला हसता येईना. हा शब्द तिथल्या भाषेत आहे, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, 'सून' हा शब्दही त्यांचा आणि आपला एकाच मुळाचा, हेही परीक्षेत लिहिलं होतं. पण पुस्तकातला शब्द वेगळा, आणि मधली हजारो वर्षं, वाळवंटं, समुद्र, राज्यं ओलांडून दोन म्हाताऱ्या बायकांच्या तोंडात तो एका संध्याकाळी समोरासमोर येतो, ते वेगळं. कुणी जपून ठेवला हा शब्द? कुठल्याही राजाने नाही. घरोघरच्या सुनांनी, रोजच्या कुरकुरीत वापरून वापरून. माझ्या हातात अर्धवट सोललेलं कणीस तसंच होतं.

आईने फोन ठेवला. सोलणं पुन्हा सुरू झालं. मग स्ताना बोलू लागली. कुणाशी असं नाही, हातातल्या कणसाशी बोलावं तशी. आवाज खालच्या पट्टीत गेला होता, शब्दांवरचा जोर भलत्याच जागी पडत होता, आणि मक्याला ती म्हणाली 'मोरुझ'. शब्दांमागून शेपटं येत होती, हाताशी असलेल्याला एक, दूरच्याला दुसरं, आणि माहेरच्या घराला तिने जवळचं शेपूट लावलं.

रादेने मान वर केली. "आता हे असं कोण बोलतं?"

"माझी आई," स्ताना म्हणाली.

मग तिने सांगितलं. ती लग्न होऊन आली तो पहिला हिवाळा. विहिरीवरच्या बायका तिचे शब्द ऐकून हसायच्या. सासू तर प्रत्येक वाक्य चुकलं म्हणायची. डोंगराच्या एका कण्याचं अंतर, पण तिचं 'ये' वेगळं होतं, 'भाकर' वेगळी होती. वसंत येईपर्यंत ती इथलं बोलायला शिकली आणि तिकडचं गिळून टाकलं. पुढे मुलांसाठी शाळेचं शिकली, पाहुण्यांसाठी टीव्हीचं. तिकडचं बोलायला मग कुणी राहिलंच नाही. तिचे भाऊ शहरात गेले, गाव रिकामं झालं, शेवटचं धुराडं विझलं त्यालाही वर्षं लोटली.

मी विचारलं, यंत्र लावू का? आमच्या कामात हे विचारावंच लागतं. ती काही क्षण ढिगाकडे बघत राहिली. या वेळी रुमाल बदलायला उठली नाही.

"हसणार नाहीस ना?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं.

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यातले सगळ्यात श्रीमंत दिवस मानते. मका संपला तरी ती बोलत होती. तिच्या आईची मक्याची भाकर, 'प्रोया', राखेत कशी भाजायची. भाऊ शेळ्यांना कोणत्या हाका मारायचा. माहेरच्या उंबऱ्याच्या दगडाला पडलेली खाच. तिच्याआधी त्या गावाचं बोलणं कुणी नोंदलेलं नव्हतं. मार्गदर्शक बाई बेलग्रेडहून आल्या, कानाला यंत्र लावून दुपारभर ऐकत बसल्या. मी घाबरत घाबरत सांगितलं की बाई, निवड चुकली, ही इथली नाही. त्यांनी पिशवीतून बोलींचा नकाशा काढला, डोंगराच्या पलीकडे पेन्सिलीने एक ठिपका दिला, आणि तो ठिपका ते स्तानाचं अंगण अशी रेघ ओढली. म्हणाल्या, "हा तुझा विषय."

तेव्हापासून मी त्याच रेघेवरून चालते आहे. आमच्या नकाशांवर एका बोलीची हद्द संपते तिथे रेघ असते. त्या रेघा ओलांडून सुना जात आल्या. स्लोव्हाकियात, पोलंडच्या डोंगरात, युक्रेनच्या सीमेवर, जिथे जिथे गेले तिथे मी आधी तेच विचारलं, माहेर कुठलं? बायका आधी हसतात, मग हात थांबतात. कितीतरी ठिपके मिळाले. आजकाल माझे विद्यार्थीही तेच विचारत फिरतात, कुणी माळव्यात, कुणी निमाडात. प्रत्येक वेळी मी त्याच कुतूहलाने ऐकते, आणि एका माणसाच्या आत किती गावं एकावर एक रचलेली असतात, हे बघून दर वेळी थक्क होते. माझ्या नावापुढे आज ज्या काही पदव्या आहेत, त्या कर्नलच्या बाईंच्या, बाबांच्या, त्या रुक्ष प्राध्यापिकेच्या आणि स्तानाच्या आहेत. आईच्या तर आहेतच.

गाव सोडायच्या आदल्या दिवशी खोऱ्यात पहिलं हिम भुरभुरलं. स्तानाचा मुलगा तिला न्यायला येणार होता. घरातली भांडी बांधून झाली होती, चुलीत थोडी धग होती. मी यंत्राच्या तारा गुंडाळत होते, तेव्हा ती म्हणाली की मलाही ऐकू दे, तू काय घेऊन चाललीस ते.

मी तिच्या कानांवर हेडफोन बसवले. रुमालावरून बसेनात, म्हणून तिने रुमाल मागे सारला. पातळ पांढरे केस मी पहिल्यांदाच पाहिले. मी पहिल्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण लावलं.

ती ऐकू लागली. आधी हसली, लाजल्यासारखी. मग हसू गेलं. ती खिडकीकडे वळली, पुन्हा माझ्याकडे वळली, जणू खोलीत आणखी कुणी आलं आहे. हेडफोन काढून तिने ते हातात धरले, आतून बारीक आवाज येतच होता.

"ही मी नाही," ती म्हणाली. "ही माझी आई बोलतेय."

तिने ते पुन्हा कानांना लावले, स्टूल चुलीजवळ ओढलं, हात मांडीवर ठेवले आणि मला खूण केली. सुरुवातीपासून लाव.